सुकन्यानं निवडलेलं नाव

माझी बायको सुकन्या बोलताना अडखळते, हे आमच्या घरात लग्नानंतर आठव्या दिवशी कळलं. मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा ती खाली मान घालून बसली होती आणि विचारलेल्या प्रश्नांना मानेनंच हो-नाही सांगत होती. आईला ते आवडलं होतं. "पोरगी गरीब हाय, तोंडाळ न्हाय," असं ती परतताना जीपमध्ये म्हणाली. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा माझं नाव, दीपेश, सुकन्याच्या ओठांपर्यंत येऊन थांबलं. बायका म्हणाल्या, लाजते. कुणीतरी बाजूनं उखाणा पुरा केला. आठव्या दिवशी आईनं तिला दारात दूधवाल्याशी बोलताना ऐकलं. दूध उद्या जास्त टाका, एवढंच सांगायचं होतं. 'द' वर ती अडकली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळे मिटले गेले, आणि दूधवाला किटली खाली ठेवून वाट बघत राहिला.

त्या दिवशी आईनं दोन घास खाऊन ताट सारलं. "आपल्याला फसवलं," ती बाबांना म्हणाली. सुकन्याच्या आईला, पार्वतीला, निरोप पाठवून पडघ्याच्या आतल्या गावाहून बोलावून घेतलं. ती बिचारी दारातच बसली, आत येईना. "बोलता येतंय तिला," ती म्हणाली. "जरा थांबून ऐकावं लागतं, एवढंच."

मला थांबून ऐकायला काही वाटत नसे. आमच्या दोघांत ती भरपूर बोलायची. कोनला हायवेच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये मी सुपरवायझर होतो. दिवसभर टेम्पोवाल्यांचा आरडाओरडा ऐकून घरी आलं की तिचं ते थांबत थांबत बोलणं बरं वाटायचं. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं, 'अहो' म्हटलं की झालं, त्यामुळे माझ्या नावावाचून तिचं कधी अडलं नाही. आईला 'आई' म्हणायचं, बाबांना 'बाबा'. या शब्दांशी तिनं कसंबसं जमवून घेतलं होतं. उरलेल्या जगाशी ती फार बोलतच नसे.

दिवस गेले तेव्हा मात्र ती विचारात पडली. सातव्या महिन्यात मी एकदा गच्चीवर गेलो तर ती वाळलेले कपडे हातात धरून उभी होती आणि एकेक नाव म्हणून बघत होती. मुलांची, मुलींची. सुरेश म्हणाली, नीट आलं. पुन्हा म्हणाली, अडकलं. विजय दोनदा आलं, तिसऱ्यांदा नाही. मला बघून ती लाजली.

"काय करतेस?" मी विचारलं.

तिनं कपडे खाली ठेवले आणि सावकाश सगळं सांगितलं. पोराला हाक मारावी लागणार. रोज मारावी लागणार, रस्त्यावर, शाळेत, चार माणसांत. नाव एकदा ठेवलं की शब्द बदलून पळ काढता येत नाही. पाणी शब्द अडला तर ती 'जल' म्हणून वेळ मारून नेई, नावाला तसा दुसरा शब्द नसतो. आणि एकदा या शब्दाशिवाय गत्यंतर नाही असं मनात आलं की चांगला येणारा शब्दही तिच्या घशात रुतायचा.

"एकच शब्द असा आहे," ती म्हणाली, "ज्यावर मी कधीच अडकले नाही. सावर."

लहानपणी ती आईबरोबर पडघ्याच्या बाजारात सावरीचा कापूस विकायला बसायची. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटली की मायलेकी कापूस गोळा करायच्या, उशांसाठी लोक तो घ्यायचे. पार्वतीचा आवाज बसलेला असायचा, म्हणून ओरडायचं काम पोरीकडे. सुरात म्हटलं की शब्द अडकत नाहीत, हे तिला तिथं समजलं. "सावर घ्या, सावर," असं ती सकाळपासून दुपारपर्यंत ओरडायची. बाजारात कुणाला ठाऊकसुद्धा नव्हतं की ही पोरगी तोतरी आहे. तो शब्द पुढे सुराशिवाय म्हटला तरी सरळ येत राहिला.

"मुलगा झाला तर सावर," ती म्हणाली. "मुलगी झाली तर सावरी. तुम्ही घरात सांगा. पण माझ्या बोलण्याचा विषय काढू नका. नाव आवडलं, एवढंच सांगा."

मी कबूल झालो.

जानेवारीत मुलगा झाला. दोन हजार तीन साल. तिच्या गावी दवाखान्याची सोय नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. पाचवी पुजून झाली आणि दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी विषय काढला. बाबा, म्हणजे दौलत, पेपर बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"सावर? होळीला तोडून आणतो ते झाड?"

"हो."

"अरे, दरसाल आपणच खांद्यावर आणतो, उभं करतो आणि पेटवतो. ते नाव पोराला?"

"आणि काटे किती असतात त्याला," आई म्हणाली. "भटजींनी क, छ, घ सांगितलंय. मिथुन रास हाय त्याची."

"नाव वेगळं आहे, म्हणून आवडलं," मी म्हणालो. माझं मलाच ते पोकळ वाटलं.

"वेगळं असावं, पण नाव तर असावं," बाबा म्हणाले. "पोरगा पडला तर लोक म्हणतील सावर रे, आणि हा म्हणेल, काय काम हाय?"

आईसुद्धा हसली. आतल्या खोलीत बाजेवर सुकन्या बाळाला घेऊन पडली होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

गोडाऊनमध्ये रामनाथ नावाचा बनारसकडचा मुकादम होता, माझ्याच वयाचा. त्याला मी सांगितलं. "शावर?" तो म्हणाला. "वो नहाने वाला?" मी झाड समजावून सांगितलं. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "भाभी को पसंद है तो रख दो. नाम तो माँ ही सबसे ज़्यादा पुकारती है." आजपर्यंत त्या नावाविषयी मी ऐकलेलं शहाणपणाचं मत तेवढं एकच.

बारशाला दोन दिवस उरले होते. नाव आत्या ठेवणार, म्हणजे माझी मोठी बहीण दिपाली. ती कल्याणला राहते. एकदा तिच्याशी समोरासमोर बोलून बघावं म्हणून मी दुर्गाडीचा पूल ओलांडून तिच्या घरी गेलो. तिनं नाव आधीच काढून ठेवलं होतं, कल्पेश. तिचा मुलगा नीलेश, भाऊ दीपेश, भाचा कल्पेश. एका माळेतलं वाटतं, म्हणाली. मी सावर म्हटलं. तिला आईचा फोन आधीच येऊन गेला होता.

"दीपू, कारण काय ते सांग," ती म्हणाली. "नुसतं आवडलं म्हणून कुणी असं नाव ठेवत नाही. तुझ्या मनात काहीतरी आहे."

दिपालीताईनं मला लहानपणी कडेवर वागवलेलं. तिच्यापुढे मला खोटं बोलता येत नाही. आणि मला वाटलं, खरं कारण कळलं तर तिचं मन वळेल. बाई आहे, तिला समजेल. मी सांगून टाकलं. गच्चीवरची नावं, पडघ्याचा बाजार, सगळं.

ती म्हणाली, "मला तिची कीव येते. खरंच येते. पण तिच्या जिभेसाठी पोरानं जन्मभर झाडाचं नाव वागवायचं? सवय केली की येईल तिला. माणसाला सगळं येतं सवयीनं."

मी परत येईपर्यंत तिनं आईला फोन केला होता. तिचा हेतू वाईट नसावा. मी घरात शिरलो तेव्हा आई बाजेशेजारी उभी होती.

"तुझी जीभ वळत न्हाय म्हणून माझ्या नातवाला काटेरी झाडाचं नाव द्यायचं? आधी लपवून लग्न केलंत, आता नावातपण लपवाछपवी?"

सुकन्यानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. कुणी आपल्याला किती पाण्यात उभं केलंय ते तपासून बघावं, तसं तिनं बघितलं आणि बाळाला पदराखाली घेतलं. माझ्याकडे त्या वेळी बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी हातपाय धुवायला मागे निघून गेलो.

बारशाला दिपालीताईनं बाळाच्या कानात कल्पेश म्हटलं. बायकांनी तिच्या पाठीत बुक्के मारले, घुगऱ्या वाटल्या. सगळं झाल्यावर ताई सुकन्याजवळ जाऊन बसली, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "घे बघू नाव. एकदा घे. आपलीच माणसं आहेत."

सुकन्यानं प्रयत्न केला. "क... क..." तिचा जबडा थरथरायला लागला. मांडीवरचं पोर दचकून रडायला लागलं. बायका इकडेतिकडे बघू लागल्या. पार्वती उठली, नातवाला उचलून बाहेर ओट्यावर गेली आणि तिथंच उभी राहिली.

"येईल सवयीनं," ताई म्हणाली.

सवयीनं आलं नाही. सगळं घर पोराला कल्पेश, कल्पू म्हणायचं. सुकन्या त्याला काहीच म्हणत नसे. राजा, सोन्या अशा हाकाही तिनं मारून बघितल्या, पण हाक मारायची आहे एवढं मनात आलं की त्याही अडायच्या. फक्त त्याला न्हाऊ घालताना किंवा झोळीत हलवताना ती गाणं म्हणायची, आणि गाण्यात त्याला सावर म्हणायची. ते अगदी सुरेख यायचं. मी दाराआड उभा राहून ऐकलंय. पोर तो शब्द ऐकून हसायचं, मान वळवायचं.

वर्षाचा झाल्यावर त्याला ताप आला. पाच दिवस उतरेना. आईनं झोळीजवळचं गाणं ऐकलेलं होतं. "जाळायचं नाव घेतेस पोराचं," ती म्हणाली, "मग अंग तापणार न्हाय तर काय होणार?" ताप सातव्या दिवशी औषधानं उतरला. पण सुकन्याच्या मनात ते बसलं. तिनं गाणं बंद केलं. मी म्हटलं, असं काही नसतं. ती म्हणाली, "नसेल. पण असलं तर?"

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात आम्ही त्याला इंग्रजी शाळेत घालायला नेलं. आई, मी, सुकन्या. घरात तो चांगला बोलायचा. अधूनमधून एखादा शब्द दोनदा म्हणायचा, आम्ही लक्ष दिलं नव्हतं. बाईंनी गोड आवाजात त्याला नाव विचारलं. तो म्हणाला, "क... क... क..." त्याचे डोळे मिटले गेले. गळ्याची शीर वर आली.

सुकन्यानं खुर्चीची कड घट्ट धरली. आईनं तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"घरी कुणाला आहे का असं?" बाईंनी विचारलं.

मी प्रवेशाचा फॉर्म पुढे सरकवला. प्रवेश मिळाला, त्याचं काही अडलं नाही. पण घरी आल्यावर आईनं निकाल लावून टाकला. पोर आईचं ऐकून तसं बोलायला लागलंय. त्याला दिपालीकडे कल्याणला ठेवायचं, तिथल्या शाळेत घालायचं, म्हणजे वळण सुटेल. बाबांनी मान डोलावली. ताईही तयार झाली.

मी त्याला ठाण्याला वाचादोषाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. शांत बाई होत्या. त्यांनी तासभर त्याच्याशी खेळत खेळत तपासलं. म्हणाल्या, हे ऐकून लागत नाही. रक्तात असतं काहींच्या. या वयात सुरू होतं आणि पुष्कळ पोरांचं आपोआप जातं. त्याला टोकू नका, घाई करू नका आणि आईपासून तोडू तर मुळीच नका. मी घरी येऊन हे शब्दाला शब्द सांगितलं.

"तिला काय ठावं," आई म्हणाली. "ती काय आपल्या घरात ऱ्हाते?"

मला तेव्हा उठून उभं राहता आलं असतं. पोरगा माझा आहे, कुठं जाणार नाही, एवढं वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "बघू, जूनपर्यंत बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकन्यानं कॅलेंडरचं जुनं पान माझ्यापुढे ठेवलं. पाठच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं होतं: 'मी त्याच्यासमोर बोलणार नाही. कुणाशीच बोलणार नाही, म्हणजे त्याच्या कानावर पडणार नाही. त्याला पाठवू नका.'

"असं काही करायची गरज नाही," मी म्हणालो.

तिनं पान उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि आईला दाखवलं. आईला वाचता येत नाही. बाबांनी वाचून दाखवलं. आई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "बघ, जमतंय का."

तिला जमलं. त्या दिवसापासून ती बोलली नाही. मी कामावर जाताना 'या' म्हणायची तेही थांबलं. पोराला भूक लागली की ती ताटली दाखवायची, आंघोळीला टॉवेल. पहिले काही दिवस तो तिचा पदर ओढून विचारायचा, "आई, तू का नाय बोलत?" ती त्याला जवळ घ्यायची. मग त्यानं विचारणं सोडलं. दोघांचं खुणांवर चालू लागलं. पोरं लवकर शिकतात.

आणि दीडेक वर्षात त्याचं अडखळणं गेलं. आधी कमी झालं, मग महिन्यातून एखाद्या वेळी यायचं, मग दुसऱ्या दिवाळीपर्यंत पूर्ण थांबलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसंच. पण आमच्या घरात ते तसं मोजलं गेलं नाही. आईनं वज्रेश्वरीला जाऊन ओटी भरली आणि परत आल्यावर, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, सुकन्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू केलंस," ती म्हणाली. "आईच करते पोरासाठी." मनापासून म्हणाली. सुकन्याचे डोळे भरून आले.

त्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, "आता झालं. आता बोल. ते आपोआप जाणारच होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं."

तिनं मान हलवली. वही ओढून लिहिलं, 'आणि परत आलं तर?'

परत येणार नाही अशी हमी डॉक्टरांनीही दिली नव्हती. मी खूप समजावलं, नंतर चिडलो, नंतर विनवण्या केल्या. ती ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची. मला कळत होतं, नुसती भीती नाही. तिच्यामुळेच पोराला ते लागलं होतं, आणि तिच्याच गप्प राहण्यानं ते सुटलं, हे आता तिलाही खरं वाटत होतं. आईला वाटत होतं त्याहून पक्कं.

दुसरीत गेल्यावर कल्पेशचा एक मित्र घरी आला. मी ओट्यावर होतो. मित्रानं सुकन्याला पाणी मागितलं, तिनं पेला दिला, त्यानं काहीतरी विचारलं. "तिला नको विचारू," कल्पेश म्हणाला. "माझी आई मुकी आहे." सहज म्हणाला, घराचा पत्ता सांगावा तसं. सुकन्या दारातच उभी होती. मी त्याला जवळ बोलावून सांगू शकलो असतो की तुझी आई मुकी नाही, तुझ्यासाठी गप्प आहे. पण मग का, हे सांगावं लागलं असतं. त्याच्या अडखळण्यापासून सुरुवात करावी लागली असती. आणि ते ऐकून तो परत अडखळायला लागला असता तर? सुकन्यानं मला मानेनंच नको म्हटलं. मी पण तिच्यासारखाच भिऊन बसलो.

एकदा रजा टाकून मी तिला गणेशपुरीला नेलं. दोघंच गेलो, एसटीनं. दर्शन घेतलं, मग गरम पाण्याच्या कुंडांपासून लांब, शेताच्या बांधावर जाऊन बसलो. भात कापून झालेलं होतं, आजूबाजूला माणूस नव्हतं. मी म्हणालो, "इथं कल्पेश नाही. आई नाही. माझ्याशी बोल. काहीही बोल. शिवी दे मला."

ती हसली. मग तिनं खरंच प्रयत्न केला. तोंड उघडलं, छाती भरून श्वास घेतला. काही आलं नाही. पूर्वी एखाद्या अक्षरावर अडकायची, त्याच्या अलीकडचं पलीकडचं सगळं यायचं. आता सुरुवातच होईना. नुसता श्वास बाहेर पडत होता. मी म्हणालो, "अ म्हण. नुसतं अ." तिच्या कपाळावर घाम आला. चार-पाच वेळा तिनं करून बघितलं. मग माझ्या मनगटावर हात ठेवला, राहू द्या अशा अर्थानं. मीच रडायला लागलो. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि एसटीची वेळ झाली म्हणून घड्याळ दाखवलं.

घरी पोचलो तेव्हा कल्पेश ओट्यावर आजीशेजारी बसून मराठीचा धडा मोठ्यानं वाचत होता. सुकन्या पिशवी तशीच हातात धरून उंबऱ्यात थांबली. तो एकेक वाक्य न अडखळता वाचत होता, स्वल्पविरामाला थांबत होता, पूर्णविरामाला आवाज खाली आणत होता.

"बघ, कसा खडाखडा बोलतो," आई मला म्हणाली.

धडा संपल्यावर त्यानं शाबासकीसाठी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दाराकडे पाहिलं नाही. सुकन्या आत गेली आणि तिनं भाताला पाणी ठेवलं.